कचेरीचा कागद आणि आपला शब्द

चिखले हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला मुंबई-अहमदाबाद रेल्वेची वाट आणि मध्ये सुरूची झाडे, चिकूच्या वाड्या, पाडे. मी मूळचा घाटावरचा. प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीने या किनाऱ्यावर आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. संध्याकाळी माझ्या ओट्यावर माणसे येतात. वाडीत मजुरीला जाणारा वारली असतो, मासळी विकून परतलेली बाई असते, बारावी झालेले पोर असते. प्रत्येकाच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात रेशनकार्ड, आधारकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, घरपट्टीची पावती आणि "त्रुटीची पूर्तता करावी" एवढाच शेरा घेऊन परत आलेला अर्ज. पिशवी उघडताना माणूस हात पुसून घेतो. घरातल्या कोणत्याही वस्तूला तो इतके जपत नाही.

ही पिशवी म्हणजे त्या माणसाचे कचेरीशी असलेले नाते. हे नाते कसे चालते, याचा विचार आपल्या चळवळीत फारसा झालेला नाही. "साहेब जातीयवादी आहे" किंवा "पैसे चारल्याशिवाय काम होत नाही" या दोन उत्तरांवर आपण थांबतो. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण मी असाही प्रामाणिक कारकून पाहिला आहे, की ज्याने एक पैसा घेतला नाही, आवाज चढवला नाही, खुर्ची दिली, पाणी दिले आणि तरीही समोरच्या आदिवासी बाईला रिकाम्या हाताने परत पाठवले. त्याच्या मनात द्वेष नव्हता. मग तिला परत कोणी पाठवले? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. वतन आणि नेमणूक

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर १९२० साली वारला. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात नोकरशाहीचे जे विवेचन आहे, ते आजही या विषयाचा पाया मानले जाते. त्याचा आशय थोडक्यात असा : कचेरीत अधिकार माणसाचा नसतो, पदाचा असतो. पदावर नेमणूक होते, ते वारशाने मिळत नाही. वरच्याने खालच्यावर देखरेख करायची अशी उतरंड असते. प्रत्येकाच्या कामाची हद्द ठरलेली असते. निर्णय नियमाने होतो, लोभाने किंवा रागाने नाही. आणि सगळे काही लेखी असते.

हे वाचून कोणी म्हणेल, यात नवे काय? आपल्यासाठी नवे आहे. कारण आपण ज्या गावगाड्यातून आलो, त्यात या प्रत्येक गोष्टीच्या उलट चालत होते. तिथे पद जन्माने मिळे. माझे आजोबा घाटावरच्या एका खेड्यात येसकर होते. सरकारी टपाल पोहोचवणे, वसुलाची थैली तालुक्याला नेणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे ही त्यांची कामे. रात्र नाही, दिवस नाही. मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन आणि घरोघर मागून आणायची भाकर. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही व्यवस्था इंग्रजांनी कायद्यात बसवली. तिच्यात सुधारणा करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

तेव्हा जन्माने मिळणारे पद जाऊन नेमणुकीचे पद येणे, लहरीऐवजी नियम येणे, ही आपल्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. बाबासाहेबांनी सरकारी नोकऱ्यांतील वाट्याचा आग्रह धरला तो केवळ पगारासाठी नाही. कायदा कितीही चांगला असला तरी तो राबवणारा हात कोणाचा, हे ते जाणून होते. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांहून किंचित अधिक, म्हणजे ८.३३ टक्के, जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. नोकरशाही आपली शत्रू आहे असे म्हणून मोकळे होणे म्हणूनच मला पटत नाही. तिने आपल्याला एक वचन दिले होते : इथे तुझी जात, तुझा बाप विचारला जाणार नाही, फक्त नियम पाहिला जाईल. वचन कुठे मोडले, ते पाहायचे आहे.

२. धावणारा आणि लिहिणारा

ते मोडले "सगळे लेखी असेल" या एका अटीपाशी. नियम सर्वांना सारखा आहे, पण कागद सर्वांकडे सारखा नाही. गावात पिढ्यान्‌पिढ्या दोन प्रकारची माणसे होती. एक लिहिणारे, दुसरे धावणारे. वसुलाची थैली माझ्या आजोबांनी डोक्यावरून नेली. ती किती रुपयांची हे कुलकर्ण्याने लिहिले. ज्याने लिहिले त्याची जमीन नोंदली गेली, त्याचा वारस लागला. जो धावला तो दप्तरात कुठे उमटला असेल, तर कोणाच्या तरी कामाचा माणूस म्हणून.

इथे एक विलक्षण उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. गावात जन्म झाला, मयत झाली, की त्याची वर्दी द्यायची हे गावकामगार महाराचे काम असे. त्याने तोंडी सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे. घराघरात शिवता येत नव्हते अशा माणसाच्या तोंडून गावाचे जन्म आणि मृत्यू सरकारदप्तरी गेले. आज जातीचा पुरावा म्हणून ही वही सोन्याच्या मोलाची झाली आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर हीच कोतवाल बुके आणि मोडी कागद उघडले गेले. धावणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या हयातीत किंमत नव्हती. तोच शब्द लिहिणाऱ्याच्या वहीत गेल्यावर पुरावा झाला.

यातून कचेरीचा पहिला नियम हाती येतो. कचेरी माणसावर विश्वास ठेवत नाही. तिने स्वतः पूर्वी जे लिहून ठेवले त्यावर ठेवते. तुम्ही समोर उभे आहात हे तुम्ही असल्याचे प्रमाण नव्हे. ज्यांची पूर्वी नोंदच झाली नाही, त्यांच्यावर आता पुराव्याचा भार येतो. म्हणजे पूर्वीचा अन्याय हाच आजच्या नकाराचे कारण बनतो, आणि नकार देणाऱ्याला आपण अन्याय करतो आहोत असे वाटतसुद्धा नाही.

३. रकाना

दुसरी गोष्ट रकान्याची. कचेरीला माणूस अखंड दिसत नाही, रकान्यांत दिसतो. रकाने कोणी पाडले याला इतिहास आहे. मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली; बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालाने मागासलेल्यांचे तीन गट केले : अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग. गट पाडल्याशिवाय हक्क मागता येत नाही हे खरे. पण एकदा रकाना छापला गेला, की माणसाने त्यात बसायचे असते. रकाना माणसाप्रमाणे बदलत नाही.

आपलाच अनुभव घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण धर्माचा रकाना सोडला. माणसे एका दिवसात बदलली. महाराष्ट्र राज्याने आपल्या कक्षेतील सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल लागले. चौतीस वर्षे! या काळात किती मुलांनी अर्जावर नाइलाजाने "हिंदू" लिहिले आणि घरी येऊन बापाची नजर चुकवली, ते आपल्या पिढीला सांगायला नको.

डहाणू-तलासरी भागात रकान्याचा खेळ वेगळ्या रीतीने चालतो. जातीचा दाखला मागताना अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख आधाराला धरतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०. त्या दिवशी किंवा त्याआधी तुमचे कुटुंब इथे राहत होते, हे दाखवा. आता त्या दिवशी इथे काय होते? महाराष्ट्र नव्हता, मुंबई राज्य होते. उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १९६० साली राज्ये वेगळी झाली, उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेल्या गावांचा तलासरी झाला. वारली माणूस जागचा हलला नव्हता. त्याच्या पाड्यावरून रेघ गेली. एका भावाचा कागद मराठीत राहिला, दुसऱ्याचा गुजरातीत गेला. वारली ही जमात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे, पण यादी राज्यापुरती असते. म्हणून पलीकडची मुलगी लग्न होऊन अलीकडे आली, की माहेरच्या दाखल्यावर तिला इथल्या राखीव जागेचा हक्क मिळत नाही. तिचे माहेर कधीकधी तिच्या सासरच्या ओट्यावरून दिसते. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि आणखी एक रेघ पडली. जुन्या दाखल्यावर "जिल्हा ठाणे", नव्या अर्जात "जिल्हा पालघर", आणि दोन्ही एकच हे सिद्ध करायला माणूस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर.

हद्द ही कचेरीच्या सोयीची असते. काम वाटून घेतल्याशिवाय इतका मोठा कारभार चालणार नाही. परंतु "हे आमच्याकडे येत नाही" असे म्हणणाऱ्याला आपले वाक्य पूर्ण वाटते. ऐकणाऱ्याचा मात्र दिवसाचा रोज बुडालेला असतो.

४. माझ्या अक्षरातली चूक

इथपर्यंत मी कचेरीविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या पाड्यावरची एक वारली मुलगी बारावी होऊन नर्सिंगला जायला निघाली. प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि पुढे त्याची पडताळणी हवी होती. आजोबा शाळेत गेले नव्हते. पणजोबांचा कागद नव्हता. वडील शाळेत गेलेले होते, म्हणून त्यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढला. जातीच्या रकान्यात नुसते "हिंदू" लिहिले होते. जन्मतारीख १ जून. एका कचेरीत ती नक्कल कारकुनाने माझ्यापुढे सरकवली आणि विचारले, "गुरुजी, यात वारली कुठे आहे?" मी अक्षराकडे पाहिले. अक्षर माझे होते.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतली ती नोंद. जूनमध्ये पटनोंदणीची घाई असे. पोरे पाड्यावरून गोळा करून आणायची, बाप वाडीत किंवा वीटभट्टीवर, आई लाजून दाराआड. जन्मतारीख माहीत नाही? १ जून टाका. जात? आदिवासी आहे हे तर दिसतेच आहे, "हिंदू" लिहून टाका, पुढचे नाव घ्या. ओळीत ओळ भरत गेलो. माझ्या मनात द्वेष नव्हता. मी त्या पोरांवर माया करीत होतो, त्यांना पाट्या वाटत होतो. पण लेखणी माझ्या हाती होती आणि मी ती कुलकर्ण्यासारखीच चालवली. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर अशी नोंद सहजासहजी दुरुस्त होत नाही. ज्या कारकुनाविषयी मी आरंभी लिहिले, तो कारकून मीच होतो.

शेवटी तालुक्याच्या अभिलेखात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत पणजोबांची एक ओळ सापडली. आडनाव नाही, फक्त नाव, बापाचे नाव आणि पुढे "वारली". ही ओळ त्यांचीच हे दाखवायला वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र करावे लागले. या सगळ्यात प्रवेशाची मुदत टळली. मुलीचे एक वर्ष गेले. त्या वर्षी ती वाडीत चिकू तोडायला गेली. दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळाला. तिने किंवा तिच्या बापाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच मला जड जाते.

पडताळणी आली कुठून, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आदिवासींच्या जागा खोट्या दाखल्यांवर बळकावणारे लोक होते आणि आहेत. १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या आणि दक्षता पथकांची पद्धत घालून दिली, ती या चोरीला आळा घालण्यासाठी. २०१७ साली त्याच न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही असे ठरवले. चोर अडवण्यासाठी दाराला कुलूप लावले हे योग्यच झाले. पण चोराजवळ कागद भरपूर असतात, कारण कागद जुळवणे हाच त्याचा उद्योग. कुलपापाशी खोळंबतो तो घरधनी, ज्याला किल्ली कधी दिलीच नव्हती. रीतिभाती, देवदेवक, बोली विचारून जमातीशी आप्तभाव तपासण्याची जी चाचणी आहे, ती एकटीच निर्णायक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले. शहरात वाढलेल्या आदिवासी मुलाला आजोबांचे गाणे येत नाही म्हणून तो आदिवासी नाही असे कसे म्हणणार?

५. म्हाताऱ्यांचा शब्द

कागदाचे हे राज्य मोडता येते का? एकदा कायद्यानेच ते मोडायचा प्रयत्न केला आहे, आणि तो आपल्या विचारवंतांनी हवा तितका अभ्यासलेला नाही. २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या उद्देशिकेतच वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी जमीन आदिवासी कसत आला, तिच्यावर जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत त्याचा हक्क मान्य करायचा. आणि पुरावा कोणता? नियम १३ पाहा. सरकारी कागद तर आहेतच. त्याशिवाय घर, झोपडी, बांध, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वंशावळ, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचे लेखी उतरवलेले निवेदन. म्हणजे ज्या गोष्टी कचेरीने कधीच वाचल्या नव्हत्या, त्या कायद्याने तिला वाचायला सांगितल्या. दावा तपासायचा आरंभ कचेरीत नाही, ग्रामसभेत. २०१२ च्या दुरुस्तीने तर वरच्या समित्यांना बजावले, की विशिष्ट प्रकारच्याच कागदाचा हट्ट धरू नका.

प्रत्यक्षात काय झाले? ठिकठिकाणी दावे फेटाळले गेले, त्याचे कारण "पुरावा अपुरा". म्हाताऱ्याचा जबाब होता, दंडाची पावती नव्हती. म्हणजे अतिक्रमणाबद्दल कधीतरी दंड झालेला असेल तर तो भाग्यवान. तो चोर ठरल्याचा कागद आता मालकीचा कागद. ज्याला वनरक्षकाने पावती न देता हाकलले किंवा कोंबडी घेऊन सोडले, त्याच्याकडे काहीच नाही. कायदा बदलला, पण कचेरीची सवय बदलली नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, पायी चालत आले, त्यांच्या मागण्यांत वनजमिनीचा प्रश्न अग्रभागी होता. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला. "अपुरा" हा एका कारकुनी शब्द किती घरांवर फिरू शकतो, ते त्या पंधरा दिवसांत दिसले.

१९४५ साली याच भागात, तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. गोदावरी व शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. तेव्हा समोर सावकार होता, त्याच्या हातात चाबूक होता. त्याला "नाही" म्हणता आले. आज समोर खिडकी आहे. खिडकीला "नाही" म्हणून चालत नाही. उलट तिच्याकडूनच "होय" मिळवायचे असते. म्हणून ही लढाई वेगळी आहे आणि तिची हत्यारे वेगळी आहेत.

६. लेखणीचा वाटा

वेबरने आणखी एक गोष्ट सांगितली होती. नोकरशाहीची ताकद तिच्या माहितीत असते आणि ती माहिती झाकून ठेवण्याकडे तिचा कल असतो. कोणता कागद लागतो हे एकदम सांगितले, तर माणूस एका खेपेत मोकळा होईल. ते तीन खेपांत सांगितले, की कचेरीबाहेर दलालाचे दुकान चालते. दलाल विकतो काय? नियमाची माहिती. जी फुकट भिंतीवर लागायला हवी ती.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे अगदी साधे आहे. अर्ज दिला की पोच घ्या. नकार तोंडी स्वीकारू नका. तो लेखी आणि कारणासह मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली झाला. त्यात ठरलेल्या सेवेला मुदत आहे, नकाराला कारण द्यावे लागते आणि त्यावर अपील आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. वनहक्काचा दावा फेटाळला तर साठ दिवसांत वर दाद मागता येते. पण फेटाळल्याचे लेखी कळलेच नाही तर साठ दिवस मोजणार कोठून? ग्रामसभेचे इतिवृत्त स्वतः वाचा, त्यात वृद्धांचे जबाब उतरवून घ्या. मोर्चा काढाच, परंतु मोर्चा परतल्यावर फाइल कोणत्या टेबलावर आहे हे पाहणारा एक माणूस मागे ठेवा.

आणि जे आपले लोक आज खुर्चीवर आहेत, शिक्षक, ग्रामसेवक, कारकून, तलाठी, त्यांना थोडे अधिक सांगायचे आहे. २०२४ साली सरकारने तलाठ्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे केले. नावाने काम बदलत नाही. बाबासाहेबांनी मागितलेला लेखणीचा वाटा आपल्या हाती आला आहे. आपल्यातला कोणी "मी नियमाने वागतो" एवढ्यावर समाधान मानत असेल, तर त्याने माझ्या रजिस्टरातली ती ओळ आठवावी. मीही नियम मोडला नव्हता. रकाना भरायचा होता, तो भरला होता. रकान्यापलीकडे एक मूल होते, त्याला पुढे मूल होणार होते, हे पाहिले नव्हते.

आता दर जूनमध्ये मी जवळच्या शाळांतल्या तरुण शिक्षकांकडे जातो. त्यांना सांगतो, पाड्यावर जा, आजीला विचारा, मूल कोणत्या पावसात झाले ते विचारा, जमातीचे नाव पूर्ण लिहा, आणि लिहिलेले घरच्यांना वाचून दाखवा. काहीजण हसतात, काहीजण ऐकतात. परवा ओट्यावर एक बाप मुलाच्या दाखल्याची नक्कल घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हते. "बघा गुरुजी, बरोबर लिहिलंय ना?" मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवले. नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, आणि जमात : वारली. त्याने कागद पिशवीत ठेवला आणि पिशवीला दोनदा गाठ मारली.